खाज थांबली, गजकर्ण राहिलं

पहिल्या पावसानंतर पंधरा-वीस दिवसांत कोकणात रस्त्याच्या कडेला, बांधावर, पडक्या घराच्या अंगणात टाकळा उगवतो. कोवळा असेतो त्याची भाजी करतात, कांदा आणि ओलं खोबरं घालून. पुढे तो गुडघाभर वाढला, त्याला पिवळी फुलं आणि बारीक लांब शेंगा आल्या की माणसं त्याच्याकडे बघत नाहीत आणि गुरंही सहसा तोंड लावत नाहीत. जुने वैद्य मात्र तेव्हाच त्याच्याकडे वळत. त्याच्या बिया वाटून तो लेप ते अंगावरच्या गोल कड्यांवर लावायला देत. टाकळ्याचं संस्कृत नावच चक्रमर्द, चक्राचं मर्दन करणारा. दुसरं नाव दद्रुघ्न. दद्रु म्हणजे हिंदीतलं दाद, आपलं गजकर्ण किंवा नायटा. एका रानभाजीच्या दोन्ही नावांत एकच रोग बसला आहे, इतका तो आपल्याकडे घरोघरचा होता.

टाकळ्याच्या बियांत क्रायसोफेनिक आम्ल असतं. याच कुळातलं एक द्रव्य एकोणिसाव्या शतकात ‘गोवा पावडर’ या नावानं मुंबईच्या औषधविक्रेत्यांकडे मिळे. नाव गोव्याचं असलं तरी ती भुकटी मुळात ब्राझीलची. तिथल्या बाहिया भागातल्या अरारोबा नावाच्या झाडाच्या खोडातल्या पोकळ्यांत ती साठते. पोर्तुगीज जहाजांतून ती गोव्यात आली आणि नायट्याचं औषध म्हणून पसरली. लावली की कातडी आणि कपडे तपकिरी-जांभळे व्हायचे, डोळ्यांत गेली तर आग व्हायची, तरी लोक ती लावत. समुद्रापलीकडच्या झाडाची भुकटी माणसं ज्याच्यासाठी विकत घेत, तो आजार जिवावर बेतणारा नव्हता. तो फक्त खाजायचा.

या प्रकरणातली बरीचशी गोष्ट या खाजेचीच आहे. त्वचेच्या संसर्गांत आपण बहुतेकदा खाजेवर उपचार करतो आणि खाज थांबली की रोग गेला असं धरून चालतो. गेल्या दहा-पंधरा वर्षांत या समजुतीची मोठी किंमत आपल्या देशानं मोजली आहे.

आधी ते कडं नीट पाहू. इंग्रजीत गजकर्णाला ‘रिंगवर्म’ म्हणतात, पण त्यात अळी किंवा जंत काही नसतं. ती बुरशी असते, शिळ्या पावावर किंवा लोणच्यावर येते तिच्या दूरच्या नात्यातली. तिचं वैशिष्ट्य असं की ती केराटिन खाते. केराटिन म्हणजे केस, नखं आणि त्वचेचा सगळ्यांत वरचा थर ज्या प्रथिनानं बनतात ते. हा वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो आणि शरीराच्या बहुतेक भागांवर तो दहा ते वीस मायक्रॉन एवढाच जाड असतो, वहीच्या कागदाहून कितीतरी पातळ. बुरशी त्या पापुद्र्यातच राहते. रक्तात जात नाही, पोटातून येत नाही, आणि ‘रक्त खराब झालं’ म्हणूनही होत नाही.

मग गोल का? बुरशी एका ठिपक्यात रुजते आणि चहूबाजूंनी सारख्या वेगानं पसरते. खालच्या जिवंत त्वचेला तिचा सुगावा लागतो, तिथे रक्तपुरवठा वाढतो, लाली येते, खाज सुटते आणि वरचे पापुद्रे नेहमीपेक्षा लवकर झडू लागतात. मधल्या भागातली बुरशी अशी झडून जाते. कडेची मात्र पुढच्या ताज्या केराटिनवर सरकलेली असते. म्हणून मध्ये बरी दिसणारी त्वचा आणि भोवती लाल, किंचित उंच, कोंडा सुटणारी कडा असं कडं तयार होतं. डॉक्टर तपासणीसाठी खरवडतात ते या कडेवर. खरवडलेला कोंडा काचेवर घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की केराटिन विरघळतं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे फांद्या फुटलेले धागे दिसतात. तपासणी स्वस्त आहे आणि थोड्या वेळात होते. ती आणखी जास्त वेळा व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं.

त्वचेतल्या अशा बुरशीची ओळख बरीच जुनी आहे. पॅरिसमध्ये काम करणाऱ्या डेव्हिड ग्रुबी या डॉक्टरनं १८४१ मध्ये डोक्यावरच्या खवड्याच्या एका प्रकारात बुरशी असल्याचं दाखवलं. क्षयाचा जंतू सापडायला तेव्हा चार दशकं बाकी होती. म्हणजे सूक्ष्म जीवामुळे माणसाला रोग होतो याच्या अगदी सुरुवातीच्या पुराव्यांत ही नायट्याच्या जातीची बुरशी आहे. पोटातून घ्यायचं परिणामकारक औषध मात्र १९५८ नंतर आलं, ग्रिसिओफल्विन. तोवर जगभर मुख्यतः लेप आणि मलमांवर भागत होतं, आणि मांडीवरचं एखादं कडं त्यानं जातही असे.

आता आजचं चित्र. औद्योगिक वसाहतीत बारा तासांची पाळी करणारा तरुण. जाड जीन्स, आत घामानं ओली झालेली अंतर्वस्त्रं, खोलीवर सहा जण, दोरीवर एकमेकांवर टाकलेले टॉवेल. जांघेत खाज सुटते. दोन-चार दिवस तो कुणाला सांगत नाही, कारण जागा सांगण्याजोगी नाही. मग कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन हळू आवाजात म्हणतो, “खाजेची ट्यूब द्या.” समोरचा ट्यूब देतो. चिठ्ठी मागत नाही, जागा विचारत नाही. दोन दिवसांत खाज जवळजवळ गेलेली असते, लाली ओसरलेली असते. तरुण खूश होतो आणि तीच ट्यूब खोलीतल्या दुसऱ्यालाही देतो.

त्या ट्यूबमध्ये बहुतेकदा तीन-चार औषधं एकत्र असतात. बुरशीचं एक, जिवाणूंचं एक, कधी जुलाबाच्या गोळ्यांत असतं त्या जातीचंही एक, आणि या सगळ्यांबरोबर क्लोबेटासॉलसारखं जोरकस स्टेरॉइड. दोन दिवसांत जो गुण येतो तो या शेवटच्यामुळे. खाज, लाली, सूज हा शरीराचा बुरशीला दिलेला प्रतिसाद असतो. स्टेरॉइड तो प्रतिसादच दाबतं. पहारेकरी झोपला की घर शांत होतं, पण आत शिरलेला मोकळाच असतो. बुरशी आता अडथळ्याविना वाढते. ट्यूब थांबवली की खाज दुपटीनं परतते, म्हणून तो पुन्हा लावतो. असे दोन-चार फेरे झाले की कड्याची ओळखीची कडाच पुसट होते, किंवा एका कड्यात दुसरं, दुसऱ्यात तिसरं उठतं. स्टेरॉइडमुळे रूप हरवलेल्या अशा नायट्याला १९६८ मध्ये दोन ब्रिटिश डॉक्टरांनी ‘टिनिया इनकॉग्निटो’ म्हटलं, वेषांतर केलेला नायटा.

आणि त्वचेचं काय होतं? जोरकस स्टेरॉइड जांघेत, काखेत, छातीखाली महिनोन् महिने लावलं की त्वचा पातळ होते, आणि बाळंतपणानंतर पोटावर दिसतात तशा पट्ट्या तिथे उमटतात. त्या पूर्णपणे कधीच जात नाहीत. चेहऱ्यावर हेच मलम गोरेपणासाठी लावणाऱ्या मुली वेगळीच शिक्षा भोगतात. चेहरा लाल होतो, उन्हात भाजतो, पुटकुळ्या येतात, नको तिथे लव वाढते आणि मलम सोडलं की आग होते. त्वचारोगतज्ज्ञ याविरुद्ध अनेक वर्षं मोहीम चालवत आहेत. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून नियम कडक केले. त्याच वर्षी औषधांच्या ३२८ ठरावीक मिश्रणांवर बंदी आणली, त्यांत त्वचेवर लावायची काही मिश्रणंही होती. नियम चांगला आहे. पण मेडिकलच्या काउंटरवरचं ते हळू आवाजातलं संभाषण त्यानं फारसं बदललेलं नाही, आणि माझ्या मते खरी लढाई तिथेच आहे. म्हणून घरातली ट्यूब उलटी करून बारीक अक्षर वाचायची सवय लावून घ्या. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, यातलं एखादं नाव दिसलं तर ती ट्यूब खाजणाऱ्या गोल चट्ट्यावर आपल्या मनानं लावायची नाही. यातली प्रत्येक गोष्ट योग्य जागी, योग्य दिवसांपुरती उत्तम औषध आहे. इसबाच्या रोग्याला तिचा मोठा आधार असतो. नायट्याला मात्र ती खतपाणी घालते.

याच काळात आणखी एक गोष्ट घडली. पूर्वी भारतातल्या गजकर्णात ट्रायकोफायटॉन रुब्रम ही बुरशी जास्त सापडायची, आता तिची जागा दुसऱ्याच एकीनं घेतल्याचं ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांना दिसू लागलं. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी भारत आणि नेपाळमधल्या रुग्णांकडून मिळालेल्या नमुन्यांवरून तिला स्वतंत्र जात मानलं आणि ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव दिलं. नावातला ‘इंडो’ आपणच. ही बुरशी माणसाकडून माणसाकडे झपाट्यानं जाते, पाठ-पोट-मांड्या व्यापते, चेहराही सोडत नाही. मुख्य म्हणजे टर्बिनाफिन या भरवशाच्या औषधाला तिच्यातल्या अनेक वाणांनी दाद देणं सोडलं आहे. बुरशीला आपल्या पेशीचं आवरण बांधायला अर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ लागतो. तो बनवणाऱ्या साखळीतल्या एका विकराला टर्बिनाफिन अडकवून ठेवतं. या नव्या वाणांत त्या विकराच्या बांधणीतला एखादा दुवा बदललेला असतो, त्यामुळे कुलूप बदलल्यावर जुनी किल्ली बसू नये तसं औषध बसत नाही. मे २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन स्त्रियांत ही बुरशी सापडल्याचं अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेनं जाहीर केलं. त्यांतली एक बांगलादेशात जाऊन आली होती, दुसरीनं परदेश प्रवास केलाच नव्हता.

हे सगळं एकट्या स्टेरॉइडनं घडवलं असं म्हणणं बरोबर होणार नाही. दाटीची घरं, घट्ट आणि न वाळणारे कपडे, अर्धवट सोडलेली औषधं यांचाही त्यात वाटा आहे. पण ज्या त्वचेचा पहारा महिनोन् महिने झोपवलेला आहे, तिथे बुरशीला बदलायला आणि पसरायला निवांत वेळ मिळतो, हे समजायला फार शास्त्र लागत नाही.

मग उपचार कसा? एखाद-दुसरं छोटं कडं असेल तर बुरशीचं साधं मलम पुरतं. क्लोट्रिमॅझोल, ल्युलिकोनॅझोल, सायक्लोपिरॉक्स यांतलं डॉक्टर सुचवतील ते, पण त्यात दुसरं काही मिसळलेलं नको. ते कड्याच्या मध्यावर थापण्यात अर्थ नाही. बुरशी कडेवर आणि कडेच्या थोडी पुढे असते, म्हणून बाहेरच्या चांगल्या दिसणाऱ्या त्वचेवरही दोन सेंटिमीटरपर्यंत लावायचं आणि कडं नाहीसं झाल्यावरही निदान दोन आठवडे चालू ठेवायचं. इथेच बहुतेक जण सोडतात. त्वचेच्या तळाशी जन्मलेली पेशी वर येऊन झडायला साधारण चार आठवडे लागतात. तितका काळ औषध टिकलं तर स्वच्छ पापुद्रा वर येतो आणि बुरशीवाला गळून पडतो. नखातली बुरशी वर्ष वर्ष हटत नाही त्याचं कारणही हेच. हाताचं नख पूर्ण नवं यायला सहा महिने लागतात, पायाच्या अंगठ्याचं वर्ष-दीड वर्ष.

चट्टे मोठे असतील, अनेक असतील, केसांत किंवा नखांत असतील, किंवा आधी मिश्र ट्यूब वापरून झाली असेल, तर पोटातून गोळ्या लागतात आणि त्या त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्याव्यात. सध्या इट्राकोनॅझोल बरंच दिलं जातं. त्याच्या कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायच्या असतात, कारण अन्न आणि पोटातलं आम्ल असेल तर त्या नीट शोषल्या जातात. आम्लपित्ताची गोळी त्याच वेळी घेतली तर औषधाचा बराच भाग वाया जातो. हृदय अशक्त असेल, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगायला हवं. उपचार आठवड्यांनी मोजायचा नाही, महिन्यांनी मोजावा लागतो, आणि हे पहिल्याच भेटीत रुग्णाला सांगितलं पाहिजे. नाहीतर दहाव्या दिवशी तो डॉक्टर बदलतो.

औषधाइतकंच कपड्यांकडे पाहायला हवं. परकराची नाडी जिथे रुतते, पँटचा पट्टा जिथे बसतो, करगोटा जिथे घासतो, तिथेच कडी जास्त उठतात. सुती, सैल कपडे, अंघोळीनंतर त्वचेच्या घड्या पूर्ण कोरड्या करणं, प्रत्येकाचा टॉवेल वेगळा. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत ही आपल्याकडची खरी अडचण आहे. अशा वेळी आतले कपडे उलटे करून शिवणींवरून गरम इस्त्री फिरवावी. जंतुनाशक साबणानं अंग घासून बुरशी जात नाही, उलट त्वचा सोलवटते. लसूण चोळून भाजून घेतलेले, टर्पेंटाइन लावून फोड आणलेले लोक मी पाहिले आहेत. त्यांचा त्रास पाहवत नाही. आणि घरात एकाला असेल तर बाकीच्यांना कपडे काढून पाहा, लाज बाजूला ठेवून. नाहीतर हे कडं घरातल्या घरात फिरत राहतं.

घरातल्या घरात फिरण्याच्या बाबतीत खरजेचा हात कुणी धरणार नाही. मी सात-आठ वर्षांचा असताना आमच्याकडे खरूज आली होती. सहा जणांचं कुटुंब, एका ओळीत घातलेली अंथरुणं आणि रात्रभर खरखर. आईनं गंधकाचं मलम आणलं. त्याचा तो वास अजून नाकात आहे. पण ते फक्त आम्हा दोघा भावांना लागलं, कारण खाज आम्हालाच होती. आम्ही बरे झालो आणि तीन आठवड्यांनी आजीला सुरू झाली, मग पुन्हा आम्हाला. चूक आईची नव्हती, तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

खरूज बुरशीनं किंवा जिवाणूनं होत नाही. ती होते एका किड्यामुळे. मादी अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. ती वरच्या थरात बोगदा खणते आणि त्यात अंडी घालत पुढे जाते. बोटांच्या बेचक्या, मनगटं, बेंबीभोवती, काखा, जननेंद्रियं या तिच्या आवडत्या जागा. तान्ह्या बाळांत तळवे आणि डोकंसुद्धा. साध्या खरजेत संपूर्ण अंगावर मिळून दहा-पंधराच किडे असतात. अंगभर उठलेलं पुरळ हे त्या किड्यांविरुद्ध शरीरानं केलेल्या गडबडीचं.

खरूज पसरते कशी हे नीट कळलं ते दुसऱ्या महायुद्धात. ब्रिटनमध्ये सैनिकांत आणि नागरिकांत खरूज फोफावली होती आणि ब्लँकेटं, कपडे निर्जंतुक करण्यावर खूप शक्ती खर्च होत होती. केनेथ मेलनबी या कीटकशास्त्रज्ञानं १९४१ च्या सुमारास शेफील्ड शहरात एक प्रयोग मांडला. युद्धात शस्त्र धरायला तत्त्वतः नकार देणाऱ्या तरुणांनी त्याच्यासाठी स्वतःचं शरीर देऊ केलं. खरजेच्या सैनिकांनी वापरलेली न धुतलेली अंतर्वस्त्रं त्यांनी घातली, तीच ब्लँकेटं पांघरली. फारच थोड्यांना खरूज झाली. रुग्णाबरोबर एका अंथरुणात झोपवल्यावर मात्र ती सहज लागली. म्हणजे मूळ रस्ता त्वचेला त्वचा लागून राहण्याचा आहे, आणि तो वेळही क्षणभराचा पुरत नाही. मेलनबीला दुसरीही गोष्ट दिसली. पहिल्यांदा किडा शिरल्यावर सुमारे महिनाभर काहीच होत नव्हतं, मग असह्य खाज सुटायची. बरे झालेल्यांत पुन्हा किडा सोडला तर एक-दोन दिवसांतच खाज.

आमच्या घरातल्या कोड्याचं उत्तर या महिन्यात आहे. आजीच्या अंगावर किडे आधीच होते, फक्त तिच्या शरीरानं अजून आरडाओरडा केला नव्हता. म्हणून खरजेचा उपचार खाज असो वा नसो, घरातल्या सगळ्यांचा, एकाच दिवशी. परमेथ्रिनचं पाच टक्के मलम रात्री मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत, नखांखाली, बेंबीत, पार्श्वभागाच्या घडीत, आणि सकाळी अंघोळ. फक्त खाजतं तिथे लावणं म्हणजे बोगद्याचं एक तोंड बुजवणं. आठवड्यानं पुन्हा एकदा. त्या दिवशी अंगातले कपडे, चादरी, टॉवेल गरम पाण्यात धुवायचे. धुता येत नाही ते आठवडाभर पिशवीत बांधून ठेवायचं, माणसाच्या अंगाबाहेर किडा दोन-तीन दिवसांपलीकडे तगत नाही. आयव्हरमेक्टिनची गोळीही चांगली आहे. ज्या मातीतल्या जिवाणूपासून तिचा उगम झाला तो जपानच्या सातोशी ओमुरा यांनी शोधला, आणि २०१५ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. पण गरोदर बाईला आणि पंधरा किलोंपेक्षा कमी वजनाच्या मुलाला ती देत नाहीत. आणि एक ध्यानात ठेवायचं. किडे मेले तरी खाज दोन ते चार आठवडे रेंगाळते, कारण मेलेले किडे आणि त्यांची विष्ठा त्वचेतच असतात. त्या काळात घाबरून रोज परमेथ्रिन चोपडलं तर वेगळाच दाह सुरू होतो. गजकर्णात खाज लवकर थांबते आणि रोग राहतो, खरजेत रोग जातो आणि खाज राहते.

जिवाणूंचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे माणसं डॉक्टरांकडे तुलनेनं लवकर जातात. लहान मुलांच्या नाकाखाली, ओठाजवळ मधासारख्या पिवळ्या खपल्या धरतात ते इंपेटायगो. कोमट पाण्यानं खपली सोडवून म्युपिरोसिन किंवा फ्युसिडिक आम्लाचं मलम लावलं की थोडे फोड बरे होतात, जास्त असतील तर पोटातून औषध लागतं. त्यानंतर तीनेक आठवड्यांत मुलाचं तोंड सुजलं किंवा लघवी चहासारखी झाली तर मूत्रपिंड तपासायलाच हवं. केसतूड आणि गळू यांमागे बहुधा स्टॅफिलोकोकस असतो. ॲबरडीनचे शल्यविशारद अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी १८८० मध्ये गळवाच्या पुवात तो पाहिला आणि त्याच्या द्राक्षाच्या घोसासारख्या रचनेवरून त्याचं नाव ठेवलं. आपल्या आज्या गळवावर गरम पोटीस बांधत, ते बरोबरच होतं. उष्णतेनं गळू तोंड धरतं. पिकलेलं मोठं गळू मात्र डॉक्टरांनी चिरून रिकामं करावं लागतं, कारण पुवाच्या पिशवीत गोळीचं औषध नीट पोहोचत नाही. ते स्वतः पिळू नका, नाक आणि वरच्या ओठाच्या भागात तर नाहीच. एकामागून एक केसतुडं येत असतील तर रक्तातली साखर तपासा. मधुमेहाचं पहिलं निदान या वाटेनंही होतं.

आणि चिखल्या. भातलावणीच्या दिवसांत कोकणात, भंडारा-गोंदियाकडे बायका दिवसच्या दिवस चिखलात उभ्या असतात. संध्याकाळी पायाच्या बोटांच्या बेचक्या पांढऱ्या, फुगलेल्या, चिरलेल्या. रात्री मेंदी वाटून लावतात, सकाळी पुन्हा शेतात. पाण्यानं मऊ झालेल्या त्या कातडीत आधी बुरशी आणि मग जिवाणू शिरतात. पाय रात्री तरी धुऊन कोरडे करून, बेचक्यांत बुरशीचं मलम किंवा पावडर आणि शक्य तिथे गमबूट, एवढं मिळालं तरी खूप फरक पडतो. चिखल्या लहान गोष्ट वाटते, पण ते उघडं दार आहे. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशाच चिरांतून आत येतात. सेल्युलायटिस, म्हणजे त्वचेच्या आतल्या थरांतला जिवाणूंचा संसर्ग, तोही बहुतेकदा इथूनच वर चढतो. पाय लाल, गरम, सुजलेला, दुखरा, बरोबर थंडी वाजून ताप. अशा वेळी पेननं लालीच्या कडेवर रेघ ओढा आणि दवाखाना गाठा. काही तासांत लाली रेघेबाहेर गेली तर ते डॉक्टरांना सांगायला उपयोगी पडतं. लालीच्या मानानं वेदना फारच जास्त असतील, कातडी काळी-निळी पडू लागली, माणूस असंबद्ध बोलू लागला तर रात्र आहे म्हणून थांबायचं नाही.

आता खाजेच्या उलट टोकाला असलेला एक चट्टा. पावसाळ्यात, घामाच्या दिवसांत पाठीवर, छातीवर, दंडावर फिकट, बारीक कोंड्याचे ठिपके येतात. त्यांना आपण शिबं म्हणतो. ती मॅलासेझिया नावाच्या यीस्टमुळे येतात, जे एरवीही आपल्या सगळ्यांच्या त्वचेवर असतं. शिबं दुसऱ्याला लागत नाहीत, औषधानं आटोक्यात येतात, फक्त रंग परत यायला काही महिने जातात आणि लोक तेवढ्यात औषध चाललं नाही असं समजतात. यात काळजीचं काही नाही. पण फिकट चट्ट्याकडे ‘शिबंच असतील’ म्हणून पाहिलं जातं, त्यात कधीतरी वेगळाच चट्टा निघतो. त्यावर कोंडा नाही, घाम येत नाही, केस विरळ झालेले. तो खाजत नाही, दुखत नाही, म्हणून कुणी दाखवायला येत नाही. कुष्ठरोगाची सुरुवात अशी असते. त्यावर बहुविध औषधोपचार सरकारी केंद्रांत फुकट मिळतो. प्रकार पाहून सहा किंवा बारा महिन्यांत तो पुरा होतो, आणि वेळेत सुरू झाला तर हातापायांत व्यंग येत नाही. ओळखायला यंत्र लागत नाही. डोळे मिटायला सांगायचं, कापसाची बारीक वात त्वचेवर हलकेच टेकवायची आणि म्हणायचं, “जिथे लागलं तिथे बोट ठेव.” चट्ट्याबाहेर टेकवली की बोट लगेच तिथे जातं. चट्ट्यावर टेकवली आणि बोट जागचं हललं नाही, तर त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यायचं.